लाल ठिपका

(कोथरूड. सकाळचे सव्वासात. जिन्यातून बादली उतरवल्याचा आवाज.)

या मावशी रोज आमच्या सोसायटीत येतात. 24 फ्लॅट आहेत, लिफ्ट आहे, पण त्या जिन्यानेच चढतात, कारण कचऱ्याची बादली लिफ्टमध्ये आली की एकदोन घरांना चालत नाही, असो, तो वेगळाच व्हिडिओ होईल. आत्ता त्यांचे हात बघा. सुक्या कचऱ्याची पिशवी सोडलीये, दुधाच्या पिशव्या एका बाजूला, पुठ्ठा एका बाजूला, आणि मधेच एक वापरलेलं पॅड, उघडंच, वेफर्सच्या पाकिटाला चिकटलेलं. हातमोजे आहेत त्यांच्याकडे, पण ते घालून काम उरकत नाही म्हणतात, पिशवीची गाठच सुटत नाही.

हा शॉट मी 2 वर्षांपूर्वी घेतलेला. एका फेमिनिस्ट पेजसाठी एडिटिंग करायचे तेव्हा, नाव सांगत नाही. 28 मे ला मासिक पाळी स्वच्छता दिन असतो, त्याचं काम होतं. उत्तर आलं की फुटेज पॉवरफुल आहे पण डार्क आहे, आपल्या ऑडियन्सला रिलेट होणार नाही, आणि शेवटी पॅडच्या ब्रँडचा लोगो येणार तर त्याच्या आधी हे कसं दाखवायचं. लोगोचं कारण खरं होतं. बाकीची मलमपट्टी.

मग त्या दिवशी गेलं काय, तर चार मुली कॅफेत बसून बोलतायत, कपड्याला डाग लागला तर लाजायचं कशाला. व्हिडिओ वाईट नव्हता, मीच एडिट केलेला, आणि लाजायचं नाहीच आहे. माझ्या आजीकडे चार दिवस कोपऱ्यात बसवायचे, मला आईने काळ्या पिशवीत गुंडाळून पॅड दिलं, आणि आज पोरी मोठ्याने बोलतायत यात या पेजेसचा वाटा आहेच. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा पॅडवर 12 टक्के लावलेला, त्यावर सोशल मीडियावर एवढा गदारोळ झाला की जुलै 2018 मध्ये तो शून्यावर आणावा लागला. त्यामुळे ऑनलाइन ओरडून काही होत नाही असं मला कुणी सांगू नका. होतं. म्हणूनच तर कशावर ओरडायचं हे कोण ठरवतं, ते विचारायचंय.

कारण यातली निम्मी गोष्ट पुण्यात आधीच घडून गेलेली. 1990 च्या आसपास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये जायला लागल्या. अक्षरं शिकवायला गेलेल्या, पण बायकांची नड वेगळीच निघाली, की आम्हाला उकिरड्यातून नाही, वेगळा केलेला माल थेट घरातून मिळू दे. त्यातून 1993 मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि पुढे स्वच्छ ही त्यांचीच सहकारी संस्था. यातल्या बहुतेक बायका दलित समाजातल्या. आणि 2013 च्या महिला दिनाला या लोकांनी काय केलं माहितीये? वापरलेले पॅड गोळा केले आणि पोती भरून बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिले. तुमचा माल, तुम्हीच सांगा काय करायचं. मग 2016 च्या घनकचरा नियमांत आलं की कंपनीने पॅडसोबत ते गुंडाळून टाकायला पाकीट द्यायचं. तुमच्या घरातलं पाकीट उघडून बघा, आहे का, आणि असलं तर तुम्ही वापरता का.

पोस्टसाठी याहून भारी मटेरियल कुठे मिळणार? पण मी काम करत होते तेवढ्या काळात आमच्या पेजवर यातलं एक अक्षर गेलं नाही. गेलं असतं तर जाहिरात गेली असती.

आता रजेचं बघा. ऑगस्ट 2020 मध्ये झोमॅटोने वर्षाला 10 दिवस पाळीची रजा जाहीर केली, डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री स्मृती इराणी राज्यसभेत म्हणाल्या की पाळी म्हणजे काही अपंगत्व नाही, दोन्ही वेळा माझं फीड नुसतं भरून वाहत होतं, बाजूने, विरोधात, ऑफिसात लोक काय म्हणतील, प्रमोशन जाईल का. सगळे प्रश्न खरे. पण सगळे एचआर डिपार्टमेंट असलेल्या नोकरीतले.

(शिवाजीनगर. साखर संकुलाची इमारत, रस्त्याच्या पलीकडून.)

ही इमारत तुम्ही बसमधून शंभर वेळा पाहिली असेल. राज्याचं साखर आयुक्तालय इथे आहे. इथल्या फायलींमधल्या उसाच्या मागे बीडहून ऊस तोडायला निघालेली जोडपी असतात, नवरा बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले, आणि एक दिवस कामाला नाही गेलं तर खाडा, त्याला 500 रुपयांपर्यंत दंड कापतात असं बायकांनी सांगितलेलं. पाळीत पोट दुखलं तरी खाडाच. मग काय करतात? पिशवी काढून टाकतात. गर्भपिशवी. 2019 मध्ये सरकारी समितीने बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. बऱ्याच जणी तिशीतल्या.

पाळीची रजा नसली की काय होतं याचं याहून उघडं उदाहरण मला माहीत नाही. आणि तेव्हा पोस्टी पडल्या नाहीत असं नाही, पडल्या, हादरवणारी बातमी म्हणून. पण पुढच्या वर्षी रजेची चर्चा पेटली तेव्हा या बायका त्यात नव्हत्या, त्या गरिबीच्या कप्प्यात गेलेल्या. हा कप्पा पाडतं कोण? कुणी दुष्ट बसलेलं नसतं हो. आमच्या मीटिंगमध्ये चार तक्ते असायचे, रीच, सेव्ह, शेअर आणि ब्रँड. ज्याचा स्क्रीनशॉट स्टोरीला लागतो ते चालतं, म्हणजे कुणीतरी मंत्री, हिरो, नाहीतर आजोबा काहीतरी बोलून गेलेले असावे लागतात. खाडा कुणी बोलत नाही, कापतात.

लगेच कमेंट येईल की पूर्वीच्या बायकांनी काय मोठे दिवे लावले. बरोबर आहे. इथली स्त्रीचळवळही पांढरपेशी होतीच, आणि दलित बायकांनी ते तोंडावर सांगितलं, पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या शर्मिला रेगे यांनी 1990 च्या दशकातच त्यावर लिहून ठेवलंय. फरक एवढाच की विद्या बाळांनी ऑगस्ट 1989 मध्ये पुण्यातून मिळून साऱ्याजणी हे मासिक सुरू केलं ते वर्गणीदारांच्या जिवावर, चिडलेल्या बाईचं पत्र यायचं आणि तिला उत्तर द्यावं लागायचं. आमच्याकडे चिडलेली बाई म्हणजे एंगेजमेंट. आणि त्याहून मागे जायचं तर 1855 मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईने ज्ञानोदय या नियतकालिकात निबंध लिहिला, मांग महारांच्या दुःखाबद्दल, त्यात आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं हे आहे. शाळकरी पोर होती ती. तिला कुणी रिलेट होईल का विचारलं नव्हतं.

(परत सोसायटी. तळमजला. मावशी बादलीशेजारी उकिडव्या बसलेल्या.)

तर तो न वापरलेला शॉट घेऊन मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेले. लिहिलं की पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आत काय आहे ते मावशींना न उघडता कळेल. दोन अंगठे आले, आणि एका काकांचं, हा फॅमिली ग्रुप आहे, कृपया. दुसऱ्या दिवशी चार पुड्या ठिपक्यासकट आल्या, त्यातली एक आमचीच.

पाचवी ही. नीट पांढऱ्या कागदात बांधलेली, वर स्केचपेनने सुंदर अक्षरात सॅनिटरी असं इंग्रजीत लिहिलेलं. मावशींनी ती उलटसुलट करून पाहिली, मला विचारलं, काय लिहिलंय गं हे? मी जिना उतरेपर्यंत त्यांनी ती उघडलेली होती.