पोच आणि उत्तर

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

आजच्या सत्राचा विषय साहित्य आणि स्मरणरंजन असा आहे, आणि माझ्या वयाच्या बाईकडून अशा सत्रात काय अपेक्षित असते याची मला कल्पना आहे. सोडून आलेल्या घराविषयी चार हळवी वाक्ये बोलावीत, एखादी कविता म्हणावी आणि श्रोत्यांनी रुमाल काढावेत. तसे भाषण माझ्याकडे तयार होते. खोटे कशाला बोलू, ते मी याआधी दोनदा केलेलेही आहे. परंतु गेल्या वर्षी एक पुडके माझ्या हाती आले आणि त्या भाषणावरचा माझाच विश्वास उडाला, म्हणून आज त्या पुडक्याविषयीच बोलते.

आईवडिलांच्या पश्चात घर रिकामे करताना माझ्या भावाला कपाटाच्या तळाशी मी इथून पाठवलेली एकतीस पत्रे सापडली. आपल्यापैकी ज्येष्ठांना ते एरोग्राम आठवत असतील: फिकट निळा, बोटांना कुरकुरीत लागणारा पातळ कागद, घड्या घालून कडा चिकटवल्या की ज्याचा आपोआप लिफाफा होत असे. जागा संपली की मी समासात आडवे लिहीत असे आणि तीही संपली की चिकटवायच्या पट्टीच्या आतल्या बाजूला. बाबा पत्र हाताने फाडत नसत, दाढीच्या ब्लेडने कापत, त्यामुळे एकाही पत्रातले अक्षर तुटलेले नाही. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'पोच' आणि त्याखाली 'उत्तर' असे लिहून पुढे तारखा घातलेल्या आहेत. त्यांची सारी नोकरी आवक-जावक सांभाळण्यात गेली होती. या दोन तारखांमध्ये एका दिवसाहून जास्त अंतर मला कुठेही दिसले नाही.

आता माझी आठवण सांगते. इथले पहिले वर्ष मी घराच्या ओढीने झुरत काढले, संध्याकाळ झाली की जीव कासावीस होत असे आणि प्रत्येक पत्र डोळे पुसत लिहिले, असे मला स्वच्छ आठवत होते. हे मी मुलाला सांगितले आहे, मैत्रिणींना सांगितले आहे आणि याच व्यासपीठावरून आपल्यालाही सांगितले आहे.

पत्रांत त्यातले काहीच नाही. ग्रंथालय मध्यरात्रीपर्यंत उघडे असते, प्राध्यापकांना नावाने हाक मारली तरी चालते, पहिला बर्फ पडला तेव्हा मी चप्पल घालूनच बाहेर धावले, हे सगळे आहे. जुनी सायकल विकत घेतली त्याचे पाऊण पान वर्णन आहे, तिची घंटा वाजत नाही इथपर्यंत. 'तुम्ही सर्व कसे आहात' हा मायना झाला की घराविषयी पुढे अक्षर नाही. त्या हिवाळ्यात बाबांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. त्यावर माझ्या पत्रात पाच शब्द आहेत: 'बाबांच्या डोळ्यांचे कळले. काळजी घ्या.' पुढच्या पाच पत्रांत त्या डोळ्यांचा उल्लेखही नाही, आणि माझे समासातले मुंगीएवढे आडवे अक्षर त्याच डोळ्यांनी वाचले जात होते. तिसऱ्या वर्षाच्या एका पत्रात 'वेळ मिळत नाही' या शब्दांखाली लाल पेन्सिलीची रेघ आहे. त्या पत्रालाही दुसऱ्याच दिवशी उत्तर गेलेले आहे.

मग त्या झुरण्याच्या आठवणी आल्या कुठून? योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथे लिहिलेल्या प्रबंधात घरापासून दूर राहिलेल्यांच्या दुखण्याला ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. नोस्टोस म्हणजे घरी परतणे आणि आल्गोस म्हणजे वेदना. त्याच्या लेखी हा खराखुरा आजार होता आणि रोग्याला घरी पाठवणे हा त्यावरचा उपाय होता. मराठीने याच भावनेसाठी जो शब्द घडवला त्यात वेदना कुठेच नाही, रंजन आहे. मला मराठी शब्द अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात आरोप दडलेला आहे: हे तू स्वतःच्या करमणुकीसाठी करतेस. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात हेच जरा सौम्यपणे दाखवून दिले होते. त्यांनी लोकांना एक परक्या संस्कृतीतली कथा वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून लिहायला सांगितली, तेव्हा अनोळखी तपशील गळाले, कथेतल्या 'कनू' नावाच्या अरुंद होड्या साध्या बोटी झाल्या आणि एकंदर गोष्ट सांगणाऱ्याच्या ओळखीची होऊन बसली. मीही दुसरे काय केले? आईवडील गेल्यावरचे दुःख उचलून तेविसाव्या वर्षीच्या मुलीच्या अंगावर घातले.

यात त्या मुलीवरही अन्याय झाला, हे मला उशिरा उमगले. ती सुखात होती. तिच्या सायकलीचा आनंद मी इतकी वर्षे पुसून टाकला होता, कारण तो माझ्या भाषणात बसत नव्हता.

इथे मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांच्या पतीने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांनी स्वतः १९००मध्ये. 'स्मृतिचित्रे' प्रकाशित होऊ लागली ती १९३४ पासून, म्हणजे तीसहून अधिक वर्षांनी, पती जाऊनही दीड दशक उलटल्यावर. इतक्या अंतरावरून पाहताना भूतकाळ गोड करून घेणे किंवा स्वतःला सोशिक नायिका करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी यातले काहीच केले नाही. आपले हट्ट, आपला संताप, आपली फजिती त्या अशा सांगतात की वाचणारा हसतो आणि हसताहसता गप्प होतो. हे पुस्तक मी तरुणपणी विनोदासाठी वाचले होते. पुडके उघडल्यानंतर पुन्हा वाचले तेव्हा मला त्यातली शिस्त दिसली, आणि थोडा मत्सरही वाटला.

आपले रोजचे प्रश्न लहान असतात. घरी फोन किती दिवसांनी करावा, पडद्यावर दिसणारा वृद्ध चेहरा 'बरे आहे' म्हणतो ते खरे धरावे का, 'तुम्ही इकडे का आलात' असे मुलांनी विचारले तर काय सांगावे. यांची उत्तरे आपण आठवणींतूनच काढतो. मी मुलाला वर्षानुवर्षे सांगत आले की तुझ्या वयाची असताना मला घराची फार काळजी असे, आणि त्याचा फोन आला नाही की याच वाक्याने त्याला बोलत आले. हे वाक्य मी आता वापरत नाही. त्याऐवजी काय म्हणावे ते अजून सुचलेले नाही, त्यामुळे आमचे फोन सध्या जरा लहान होतात.

मागच्या महिन्यात तो घरी आला होता. आजोबांनी जपलेली पत्रे म्हणून त्याने कुतूहलाने पुडके सोडले आणि एक वाचून दाखव म्हणाला. त्याच्या हाती लागले ते शस्त्रक्रियेच्या दिवसांतलेच. मी वाचू लागले. 'काळजी घ्या' इथवर आले आणि जीभ थांबेना; 'डोळ्यांना आता कसे वाटते? पट्टी केव्हा काढणार? वाचन इतक्यात करू नका' अशी तीन वाक्ये मी सरळ जोडून दिली. बाबांना मी तेव्हा तसे विचारले होते असे ऐकणारे कोणीतरी हवे होते, इतकेच.

लहानपणी चार वर्षे आपल्या मंडळाच्या रविवारच्या वर्गात बसलेला माझा मुलगा माझ्या खांद्यावरून पाहत होता. त्याने कागदावर बोट ठेवले, एकेक अक्षर लावत ओळ शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, "आई, हे कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं," मी म्हटले आणि पुढची सायकलीची ओळ वाचायला घेतली.