निरोप जसाच्या तसा : डेटाबेसच्या रॅपर स्क्रिप्टविषयी

आज या सभागृहात बसलेल्यांपैकी बरेच जण रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी धरून ऐरोली, रबाळे, घणसोली किंवा कोपरखैरण्याला उतरतात, आणि त्यांतील अनेकांच्या हाती कोणाचा ना कोणाचा डेटाबेस असतो. त्यामुळे एसक्यूएलप्लस, पीएसक्यूएल, मायएसक्यूएल, पीजी-डंप ही डेटाबेसशी बोलण्याच्या आणि त्याची प्रत काढण्याच्या साधनांची नावे मला येथे समजावून सांगावी लागणार नाहीत. मला बोलायचे आहे ते या साधनांभोवती आपण ज्या छोट्या छोट्या स्क्रिप्ट लिहितो त्यांच्याविषयी. मूळ साधनाला सर्व्हरचे नाव, पोर्ट, वापरकर्ता, फाइल कोठे ठेवायची असे दहा-पंधरा पर्याय द्यावे लागतात. ते रोज हाताने टंकण्याऐवजी आपण एका फाइलीत लिहून ठेवतो, तिला सुटसुटीत नाव देतो आणि क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीच्या, स्वाधीन करतो. यालाच आपण रॅपर म्हणतो. लिहिणारा माणूस दोन वर्षांनी दुसऱ्या नोकरीला जातो, स्क्रिप्ट मात्र रोज रात्री दोन वाजता चालतच राहते.

टंकण्याचे श्रम वाचावेत म्हणून रॅपर जन्माला येतो, पण त्याचे खरे काम निरोप्याचे असते. आपण सांगितलेले मूळ साधनापर्यंत जसेच्या तसे नेणे आणि साधनाने दिलेले उत्तर जसेच्या तसे परत आणणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक वाईट रॅपरमध्ये मूळ साधनाने चूक स्पष्टपणे सांगितलेली होती. ती मधल्या मध्ये गिळली गेली होती.

हे मी माझ्याच एका स्क्रिप्टवरून सांगतो. तुर्भ्याच्या बाजारात घाऊक व्यापार करणाऱ्या एका पेढीचा पोस्टग्रेस डेटाबेस काही वर्षे माझ्याकडे होता. मालाची आवक-जावक, अडत, हमाली, येणी-देणी असे सारे त्यात असे. रात्रीच्या बॅकअपसाठी मी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये पीजी-डंपचे उत्पादन पाइपमधून, म्हणजे एका आज्ञेचे उत्पादन थेट दुसरीच्या हाती देणाऱ्या जोडणीतून, फायली दाबून लहान करणाऱ्या जीझिपकडे जात असे, त्याची दाबलेली फाइल तयार होई, मग सात दिवसांहून जुन्या फायली काढून टाकल्या जात आणि शेवटी ‘बॅकअप यशस्वी’ असा मेल येई. एके दिवशी ठरलेल्या नियमानुसार डेटाबेसचा पासवर्ड बदलला गेला आणि स्क्रिप्टजवळचा पासवर्ड जुनाच राहिला. त्या रात्रीपासून पीजी-डंपला सर्व्हर दारातूनच परत पाठवू लागला. साधनाने तसे सांगितले, शून्येतर एक्झिट कोडही, म्हणजे काम फसल्याचे सांगणारा बाहेर पडतानाचा आकडाही, दिला. परंतु शेलमध्ये, म्हणजे या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, पाइपने जोडलेल्या आज्ञांचा निकाल हा शेवटच्या आज्ञेचा निकाल मानला जातो, आणि शेवटी होता जीझिप, ज्याने हाती काहीच न आलेले असतानाही ते रिकामेपण व्यवस्थित दाबून फाइल बनवली आणि आपले काम पार पडल्याचे कळवले. रिकाम्या मजकुराची जीझिप फाइल २० बाइटची असते. सहा रात्री यशाचे मेल आले. सहाव्या सकाळी माझे लक्ष गेले ते डिस्कवर नेहमीपेक्षा जास्त जागा मोकळी दिसली म्हणून. फायलींची यादी काढली तर २०, २०, २० असा आकडा खालून वर सहा ओळी, आणि त्यांच्या वर चांगल्या बॅकअपच्या फक्त दोन फायली उरलेल्या. आणखी दोन रात्री गेल्या असत्या तर त्याही स्क्रिप्टने नियमाप्रमाणे पुसून टाकल्या असत्या.

या स्क्रिप्टमध्ये चुका तीन होत्या आणि तिन्ही आजही मला इतरांच्या स्क्रिप्टमध्ये भेटतात. पहिली पाइपची. बॅश या शेलमध्ये पाइपफेल नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की पाइपमधील कोणतीही आज्ञा फसली तरी सगळा पाइप फसला असे धरले जाते. लॉग पडद्यावरही दिसावा आणि फाइलीतही जावा म्हणून आपण टी ही आज्ञा जोडतो, तेथेही हाच सापळा असतो. दुसरी चूक अशी की मी थेट अंतिम नावाच्या फाइलीत लिहीत होतो. आज्ञा सुरू होण्यापूर्वीच शेल ती फाइल रिकामी करून ठेवते, म्हणून नाव रोज तेच असेल तर कालचा चांगला बॅकअप आजच्या अपयशाआधीच नाहीसा होतो. आधी तात्पुरत्या नावाने लिहावे, सर्व तपासणी झाल्यावर त्याच डिस्कवर नाव बदलावे. तिसरी चूक मला सर्वांत गंभीर वाटते : जुन्या फायली पुसण्याचे काम नवी फाइल चांगली आहे की नाही याची वाट न पाहता होत होते. नवे हाती आल्याखेरीज जुने टाकू नये हे घरातल्या धान्याच्या डब्यालाही लागू असलेले शहाणपण त्या स्क्रिप्टमध्ये नव्हते.

एक्झिट कोडबद्दल आणखी थोडे बोलणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक साधनाच्या सवयी वेगळ्या आहेत. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएलला एखादी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञांची, फाइल चालवायला दिली आणि मधली एक आज्ञा चुकली, तर ते चूक छापते, पुढच्या ओळीकडे जाते आणि शेवटी शून्य, म्हणजे सारे ठीक, असे सांगून बाहेर पडते. ऑन-एरर-स्टॉप हे त्याचे चल चालू केले तरच ते पहिल्या चुकीपाशी थांबते आणि ३ हा कोड देते; जोडणीच तुटली तर २ मिळतो. मग रॅपरला ‘एसक्यूएल चुकले’ आणि ‘सर्व्हरच भेटला नाही’ यांत फरक करता येतो. दुसऱ्या प्रसंगी थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करणे योग्य ठरते, पहिल्या प्रसंगी ते मुळीच योग्य नाही.

ओरॅकलच्या एसक्यूएलप्लसमध्ये चूक झाल्यास बाहेर पड असे सांगण्याची सोय आहे आणि अनेक जण तेथे ओरॅकलच्या चुकीचा क्रमांकच एक्झिट कोड म्हणून परत करतात. वरवर पाहता याहून प्रामाणिक काय असणार? पण युनिक्समध्ये एक्झिट कोडला एकाच बाइटची जागा आहे, म्हणून मोठ्या संख्येला २५६ ने भागून उरलेली बाकीच बाहेर पोहोचते. तक्ता अस्तित्वात नाही ही ९४२ क्रमांकाची चूक १७४ होऊन येते, ते चालण्यासारखे आहे. टेबलस्पेसमधील ठरवून दिलेली जागा संपली ही चूक १५३६ क्रमांकाची आहे, आणि १५३६ म्हणजे बरोबर सहा वेळा २५६. बाकी शून्य. जागा संपल्यामुळे भरणा अर्ध्यावर थांबलेला असताना रॅपरला उत्तर मिळते की सारे यशस्वी झाले. म्हणून तेथे क्रमांकाऐवजी साधा १ परत करावा आणि खरा क्रमांक लॉगमध्ये वाचावा.

निरोप गिळला जाण्याचे सार्वजनिक नोंद असलेले उदाहरण प्रोग्रामचे कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबचे आहे, आणि त्या कंपनीने ते मोकळेपणाने प्रसिद्ध केले याबद्दल आपण सर्वांनी तिचे ऋणी राहावे असे मला वाटते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची डेटा डिरेक्टरी चुकून पुसली गेली. सुमारे ३०० जीबी माहितीपैकी हात थांबेपर्यंत जेमतेम साडेचार जीबी उरली. मग पीजी-डंपचे बॅकअप शोधले तर ते ठेवण्याची जागा रिकामी. त्यांच्या प्रणालीत पोस्टग्रेसच्या ९.२ आणि ९.६ अशा दोन्ही आवृत्त्यांची साधने होती, आणि कोणती वापरायची हे ठरवणारा रॅपर डेटा डिरेक्टरीतील आवृत्तीची फाइल पाहून निर्णय घेत असे. बॅकअप चालत होता त्या यंत्रावर डेटाबेसच नव्हता, त्यामुळे ती फाइलही नव्हती. रॅपरने न विचारता ९.२ गृहीत धरले, आणि ९.२ च्या पीजी-डंपने ९.६ च्या सर्व्हरचा डंप काढण्यास नकार दिला. नकाराचे मेल निघत होते, पण त्यांवर आवश्यक सही नसल्याने ते पलीकडे स्वीकारलेच जात नव्हते. अखेरीस एका अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी चाचणीच्या कामासाठी हाताने घेतलेला डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, कामी आला.

याच्या शेजारी डेबियन या लिनक्स प्रणालीतील रॅपर ठेवून पाहावा. तेथे आपण पीएसक्यूएल टंकतो तेव्हा प्रत्यक्षात पीजी-रॅपर ही पर्लमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट उठते, यंत्रावर कोणकोणते क्लस्टर, म्हणजे डेटाबेसचे संच, आहेत ते पाहते, योग्य आवृत्तीचे खरे साधन निवडते आणि स्वतःची जागा त्यालाच देऊन टाकते. यापुढे सिग्नल, एक्झिट कोड सारे थेट खऱ्या साधनाचे. शेलमध्ये हेच एक्झेक या आज्ञेने साधते. शेवटची ओळ म्हणून मूळ साधन चालवायचे असेल तर ते एक्झेकने चालवावे, आणि मिळालेले सर्व पर्याय अवतरण चिन्हांसह पुढे द्यावेत. ती चिन्हे विसरली की ‘नवी मुंबई’ या नावाचे दोन शब्द होऊन मुंबई वेगळी पडते.

पासवर्ड आज्ञेच्या ओळीत लिहू नये, कारण त्या यंत्रावरील कोणालाही पीएस ही चालू कामांची यादी दाखवणारी आज्ञा टंकून तो वाचता येतो. पोस्टग्रेससाठी पासवर्ड ठेवायची पीजीपास फाइल आहे. तिचे हक्क फक्त मालकापुरते, म्हणजे ०६००, नसतील तर युनिक्सवर ती सरळ दुर्लक्षिली जाते, आणि साधनाने घातलेली ही अट मला फार आवडते. मायएसक्यूएलची लॉगिन-पाथ फाइल आणि ओरॅकलचे वॉलेट ही त्याच वाटेची सोय आहे. क्रॉनबाबत एवढेच सांगतो की तेथे आपल्या लॉगिनचे वातावरण नसते, ओरॅकल-होम आणि पाथ, म्हणजे साधने कोठे आहेत ते सांगणारी चले, स्क्रिप्टमध्येच ठरवावी लागतात, आणि क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या, ओळीत टक्क्याचे चिन्ह आले की तेथून पुढचा मजकूर आज्ञेतून तुटतो. तारीख काढणाऱ्या आज्ञेत टक्क्याची चिन्हे लागतात, म्हणून तारखेचे नाव असलेली फाइल थेट क्रॉनटॅबमध्ये लिहिणाऱ्यांची आज्ञा अर्ध्यावर का कापली जाते, याचे उत्तर येथे आहे.

आता माझी पद्धत सांगतो. नवा रॅपर क्रॉनच्या हाती देण्यापूर्वी मी तो मुद्दाम चुकीच्या पासवर्डने चालवतो, मग भरत आलेल्या छोट्या डिस्कवर चालवतो, मग तो चालू असताना सर्व्हरच्या बाजूने जोडणी तोडतो. तिन्ही वेळा त्याने शून्येतर कोड देऊन ओरडले पाहिजे आणि त्याचे ओरडणे माझ्या फोनपर्यंत आले पाहिजे. एकदाही तो गप्प बसला तर तो क्रॉनमध्ये जात नाही.

त्यानंतर रिस्टोअर. तुर्भ्याच्या त्या पेढीत आम्ही दर महिन्याला रात्रीचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवत असू आणि दिवाणजी आपली वही घेऊन शेजारी बसत. पहिल्याच खेपेला त्यांनी शेवटच्या नोंदीवर बोट ठेवले. वहीत रात्री सव्वादोनला आलेल्या गाडीची आवक होती, पडद्यावर शेवटची नोंद एक अठ्ठावन्नची होती, आणि फाइलीच्या नावात मात्र दोन चाळीस ही वेळ होती. दिवाणजींनी विचारले, “दोन चाळीसची फाइल असेल तर माझी सव्वादोनची गाडी कुठे गेली?” त्यांचे म्हणणे बरोबर होते. पीजी-डंप सुरू होताना डेटाबेस जसा असतो तसाच तो शेवटपर्यंत पाहतो. डंप दोन वाजता सुरू होऊन दोन चाळीसला संपला असेल तर मधल्या चाळीस मिनिटांतील नोंदी त्यात येत नाहीत. माझा रॅपर फाइलीला काम संपल्याची वेळ देत होता. त्याच दुपारी मी तो बदलला, आणि तेव्हापासून फाइलीच्या नावात डंप सुरू झाल्याची वेळ येऊ लागली.