लिफ्टच्या दारात

(दृश्य: लिफ्टचं बंद दार. बटणापाशी अडलेला एक हात.)

हा हात नीट बघा. बटण जेमतेम दोन बोटांवर आहे, पण बोट पुढे सरकत नाही. तळवा ओला झालाय, छातीत धडधडतंय, आणि लिफ्ट अजून खाली आलेलीही नाही. काही क्षण घुटमळून हा माणूस मागे वळतो आणि जिना चढू लागतो. पहिल्याच पायरीवर त्याला हायसं वाटतं.

असं मागे वळणारा तो एकटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ३० कोटी लोक कुठल्या ना कुठल्या चिंताविकाराने ग्रासलेले होते.

(दृश्य: मेंदूचं रेखाचित्र.)

कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा एकेक पुंजका असतो. त्याला म्हणतात अमिग्डाला. धोक्याची चाहूल लागली की आपला विचार पुरता होण्याआधीच तिथून इशारा सुटतो. ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, ठोके वाढतात, स्नायूंकडे जास्त रक्त धावतं. लढायची किंवा पळायची ही तयारी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये मांडली. अंगावर गाडी येत असेल, तर हीच तयारी जीव वाचवते.

पण लिफ्टमध्ये कुठे पळणार? श्वास मात्र भराभर चालू राहतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. हे कशाने होतंय ते ठाऊक नसलेल्या माणसाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही. त्या विचाराने ठोके आणखी वाढतात, आणि वाढलेले ठोके तो विचार खरा ठरवतात. पॅनिक अटॅकचं हे चक्र मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये उलगडून दाखवलं.

किती तरी जण अशा वेळी रात्री-अपरात्री दवाखाना गाठतात. ईसीजी नॉर्मल येतो आणि त्यांना सांगितलं जातं, ‘तुम्हाला काही झालेलं नाही.’ हे वाक्य मला फार खुपतं. त्या कागदाने हृदय ठीक असल्याचं सांगितलं, एवढंच. माणसाने जे सोसलं, ते शरीरातच घडलं होतं.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगायलाच हवा. दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या तिघांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा छातीभर ओढायला दिली. त्यांच्यातली एक बाई तर साप हातात घेऊनही न घाबरणारी. संशोधकांना वाटलं होतं, यांना काहीच होणार नाही. तिघेही भयंकर घाबरले. बाहेरचा धोका अमिग्डाला ओळखतो, पण शरीराच्या आतून उठणाऱ्या घबराटीला मेंदूत दुसऱ्याही वाटा आहेत.

(दृश्य: जिन्यावरची पावलं.)

आता ते हायसं वाटणं. मेंदू त्यातून धडा घेतो: लिफ्ट टाळली, म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ओढ जिन्याकडेच. मग गर्दी टळते, बस टळते, आणि आयुष्य एका खोलीएवढं होतं. यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, पण टाळाटाळीइतकं खतपाणी भीतीला क्वचितच कशाने मिळत असेल.

औषधांनी अनेकांना आधार मिळतो. एसएसआरआय या चिंता-नैराश्यावरच्या औषधगटातल्या गोळ्यांचा गुण यायला मात्र काही आठवडे लागतात. आणि उपचारतज्ज्ञ रुग्णाला हळूहळू त्याच दारापाशी नेतात. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्याशेजारी नवी आठवण तयार होते, म्हणून फेऱ्या पुन्हा पुन्हा माराव्या लागतात.

(दृश्य: लिफ्टचं दार उघडतं.)

तो आत शिरतो. सोबत उपचारतज्ज्ञ आहे. पहिल्या फेरीत तो डोळे मिटून कठडा घट्ट धरतो. तिसऱ्या फेरीत डोळे उघडे आहेत, धडधड आहेच. सहाव्या फेरीत दार मिटताना त्याची बोटं कठड्यावरून सुटतात, आणि वरच्या मजल्याचं बटण तो स्वतः दाबतो.