नारळावरची चिठ्ठी

नमस्कार मंडळी, जेवणं झाली असतील, नसतील झाली तर ताट घेऊनच बसा, कारण आज एका जुन्या पिक्चरबद्दल बोलायचंय आणि पिक्चरबद्दल बोलायला लागलो की मी थांबत नाही हे तुम्हाला आता माहीतच आहे.

पिक्चरचं नाव पीटी १०९. १९६३ च्या जूनमध्ये आला. हिरोचं नाव जॉन केनेडी, आणि खरे केनेडी तेव्हा व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून बसलेले. म्हणजे विचार करा, देशाचा प्रमुख खुर्चीवर आहे आणि थिएटरात त्याच्याच तरुणपणाच्या पराक्रमाचा पिक्चर चाललाय! आपल्याकडे आता असं काही आलं की आपण लगेच ओळखतो हे कशासाठी चाललंय ते. केनेडींना म्हणे या रोलसाठी वॉरन बेटी हवा होता, तो नाही म्हणाला, मग क्लिफ रॉबर्टसनने केला. त्याने केनेडींच्या बोलण्याची नक्कल केली नाही, ते बरंच झालं, नाहीतर दोन तास वीस मिनिटं मिमिक्री बघत बसावं लागलं असतं.

आता मूळ भानगड सांगतो. साल १९४३, दुसरं महायुद्ध, अमेरिका विरुद्ध जपान, ऑगस्टची २ तारीख, रात्रीचे अडीचच्या आसपास. जागा सॉलोमन बेटं, ऑस्ट्रेलियाच्या वर उजवीकडे पॅसिफिकमध्ये. पीटी बोट म्हणजे लाकडी, ऐंशी फुटी, टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाऊन जहाज फोडणारे बॉम्ब, घेऊन सुसाट पळणारी. त्या रात्री अमेरिकेने अशा पंधरा बोटी जपानी जहाजांवर सोडल्या होत्या, ढिगाने टॉर्पेडो मारले, एकही लागला नाही. ज्या बोटींवर रडार होतं त्या आपले टॉर्पेडो संपवून परत गेल्या आणि बाकीचे अंधारात चाचपडत राहिले, त्यातली एक १०९, तिचे कप्तान तरुण केनेडी. कोकणातल्या लोकांना माहीत असेल, काळोखात पाणी ढवळलं की ते चमकतं. तसा बोटीमागचा चमकता पट्टा वरून जपानी विमानांना दिसू नये म्हणून केनेडींनी एकच इंजिन चालू ठेवलेलं. आणि अचानक अंधारातून अमागिरी नावाची जपानी विनाशिका, म्हणजे मोठी युद्धनौका, आली ती थेट बोटीच्या अंगावर. बोट कापली गेली, पेट्रोल पेटलं, बोटीवरच्या तेरातले दोघं तिथेच गेले.

म्हणजे बघा, लढाई म्हणावी असं यात काहीच नाही. जहाज बुडवलं नाही, काही नाही. नंतर एका मुलाने केनेडींना विचारलं की तुम्ही वॉर हिरो कसे झालात, तर म्हणाले, माझ्या हातात काही नव्हतं, त्यांनी माझी बोट बुडवली. मला हा माणूस इथे आवडतो. आणि पिक्चरचं दुखणंही नेमकं इथेच आहे, पहिला अर्धा भाग नुसती बोटीची डागडुजी आणि हास्यविनोद, बोट कापली जाईपर्यंत आमच्या घरी दोन जण झोपले होते.

पण त्यानंतर मात्र उठून बसा. मॅकमहॉन नावाचा इंजिन सांभाळणारा माणूस भयंकर भाजला होता, त्याला पोहणं शक्यच नव्हतं. केनेडींनी त्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातात धरला आणि त्याला ओढत पोहायला लागले, साडेतीन मैल, चारेक तास, पाठीचं दुखणं आधीपासूनचं. दातात! आपण घरी पोत्याची सुतळी दाताने ओढली तरी जबडा धरतो. प्रत्येक श्वासाला तोंडात खारं पाणी. बाकीचे एका लाकडाला धरून मागून. पोहोचले ते बेट एवढंसं, त्यावर खायला प्यायला काही नाही, आणि हा गडी त्याच रात्री कंदील घेऊन परत पाण्यात, कुठली तरी आपली बोट दिसेल म्हणून. दिसली नाही.

आणि आता माझी खरी तक्रार. या अकरा जणांना वाचवलं कोणी? ब्यूकू गासा आणि एरोनी कुमाना, तिथलेच दोन तरुण, झाडाचं खोड कोरून केलेल्या होडीत फिरणारे, दोस्त राष्ट्रांसाठी, म्हणजे अमेरिकेच्या बाजूसाठी, टेहळणी करणारे. कागद नव्हता, मग केनेडींनी नारळावर निरोप कोरला: अकरा जिवंत आहेत, या माणसाला जागा माहीत आहे, छोटी बोट पाठवा, केनेडी. परवा मी घरात एका नारळावर चाकूने नाव कोरायला बसलो, पहिल्याच अक्षराला चाकू घसरला, बोट थोडक्यात वाचलं, बायको म्हणाली चटणीला ठेवलाय तो, खाली ठेवा आधी. तर तो नारळ घेऊन हे दोघं जपान्यांनी भरलेल्या पाण्यातून मैलोन् मैल वल्हवत गेले, पकडले असते तर संपलंच होतं. ८ ऑगस्टला बोट आली आणि सगळे सुटले. पिक्चरमध्ये हे सगळं आहे हो, पण कॅमेरा फिरून फिरून परत केनेडींच्याच तोंडावर. मला विचाराल तर पिक्चर त्या होडीतून सुरू व्हायला हवा होता.

तो नारळ पुढे केनेडींच्या ऑफिसातल्या टेबलावर पेपरवेट म्हणून बसला. गासा आणि कुमानाला शपथविधीचं आमंत्रण गेलं होतं, पण ते दोघं काही पोहोचू शकले नाहीत. पिक्चर लागला जूनमध्ये आणि नोव्हेंबरात डलासला केनेडींना ती गोळी लागली, गेलेच.

आणि २०२३ मध्ये, ऐंशी वर्षांनी, केनेडींची मुलगी कॅरोलाइन, तेव्हा ती ऑस्ट्रेलियात अमेरिकेची राजदूत होती, तिकडे गेली, मुलाला सोबत घेऊन त्याच पाण्यात एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहली, आणि गासा-कुमानाच्या मुलांना भेटली.

चला, पुढे गाणी आहेत, ऐकत राहा.