एका गाठीतली बिऱ्हाडं

नमस्कार श्रोतेहो. मी पॅथॉलॉजिस्ट. आमच्या कामात माणसं कमी दिसतात, काचपट्ट्या जास्त. पण मध्यंतरी कोथरूडच्या एक काकू स्वतःच फाईल घेऊन लॅबमध्ये आल्या. काही वर्षांपूर्वी स्तनातली गाठ काढलेली, आता यकृतात डाग दिसलेला, आणि डॉक्टरांनी तिथली बायोप्सी सांगितलेली. काकू म्हणाल्या, "अहो, कॅन्सर तोच ना? मग जुना रिपोर्ट आहे की! परत सुई कशाला?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना पेठेतला जुना वाडा आठवायला सांगितला. दिंडी दरवाजा एक, आत बिऱ्हाडं दहा. गाठही तशीच. सगळ्या पेशी एकाच मूळ पेशीच्या वंशातल्या, पण पिढ्यांमागून पिढ्या वेगळ्या होत गेलेल्या. सुई त्यातल्या दोन-चार दारांवरच थाप मारून येते.

वेगळ्या का होतात? आपल्या पेशीत गुणसूत्रं ४६. पेशी दुभंगण्याआधी त्यांची नक्कल होते, मग बारीक तंतू ती ओढून दोन्हीकडे सारखी वाटतात. कर्करोगाच्या पुष्कळ पेशींत ही वाटणीच बिघडते. एकीच्या वाट्याला ४५, दुसरीच्या ४७. पुढच्या खेपेला आणखी घोळ. अशा बऱ्याच पेशी त्यातच मरतात, पण एखादीला तो घोळच फळतो आणि ती औषधाला दाद देईनाशी होते. कर्करोगाचं मूळ गुणसूत्रांच्या गोंधळात असावं, हा तर्क जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोवेरी यांनी १९१४ मध्ये मांडला, तोही सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाची अंडी बघून. माणसाची गुणसूत्रं ४६च, हे पक्कं व्हायला मात्र १९५६ उजाडलं!

हे मला रोज दिसतं ते फिश तपासणीत, म्हणजे पेशीतल्या जनुकांना चमकत्या रंगाचे ठिपके लावून बघायच्या चाचणीत. खोलीत अंधार करायचा आणि डोळा भिंगाला लावायचा. सतराव्या गुणसूत्रावरच्या हर-टू या, पेशीला वाढायला लावणाऱ्या जनुकाचा ठिपका लाल, त्याच गुणसूत्राच्या मध्याचा हिरवा. निरोगी पेशीत दोन लाल, दोन हिरवे. गाठीतल्या एखाद्या पेशीतही तसेच दोन-दोन, आणि तिला खेटून बसलेल्या पेशीत हिरवे तीन, पण लाल मात्र फोडलेल्या डाळिंबासारखे खच्चून भरलेले. ते आम्ही एकेक मोजतो, निदान वीस पेशींत. चहा गार होतो तो होतोच.

ही मोजणी औषध ठरवते. हर-टू वाढलेलं असेल तर त्याच्यावरच नेम धरणारं ट्रास्टुझुमॅबसारखं औषध देता येतं. आणि पहिल्या गाठीत जे बिऱ्हाड कोपऱ्यात होतं, तेच यकृतात जाऊन मालक झालेलं असू शकतं. दरवेळी असं होत नाही. बऱ्याचदा निकाल तोच येतो.

काकूंचा बदलला. जुन्यात हर-टू निगेटिव्ह, नव्यात पॉझिटिव्ह. त्यांनी दोन्ही कागद एकाच फायलीला लावले, नवा वर, आणि विचारलं, "मग आता त्या डॉक्टरांना फोन कधी करू?"