बटण उलटं करून बघा: जुनी फ्रेंच सैनिकी बटणं कशी ओळखायची

नमस्कार मंडळी. हे बघा.

(पितळी बटण लेन्सजवळ)

मधोमध आकडा आहे, ७. फ्रेंच पायदळाचं बटण. विकणारा आकडा दाखवतो आणि म्हणतो, "नेपोलियनच्या काळातलं आहे." मी काही न बोलता बटण उलटं करतो. काळ कळतो तो पाठीवरून.

आकड्यावरून का कळत नाही? तर बटणावर रेजिमेंटचा क्रमांक घालायचा हुकूम निघाला १७६२ मध्ये, म्हणजे राजाच्या अमलात, नेपोलियन जन्मायच्याही आधी. तिथून पुढची शंभर वर्षं तो आकडा बटणावर राहिला. पण आकड्यामागची पलटण तीच राहिली नाही. १७७६ मध्ये काही जुन्या रेजिमेंटांचे दोन-दोन भाग झाले आणि क्रमांक सरकले. तेव्हा ७ हा आकडा शांपान्य रेजिमेंटकडे आला. १७९१ मध्ये क्रांतीने पिकार्दी, शांपान्य ही नावंच काढून टाकली, नुसते आकडे ठेवले. मग रेजिमेंटा मोडून अर्ध-ब्रिगेड नावाच्या पलटणी झाल्या. १८०३ मध्ये नेपोलियनने पुन्हा रेजिमेंटा केल्या. वॉटर्लूनंतर त्याही गेल्या, जिल्हावार पलटणी आल्या, आणि १८२० मध्ये परत रेजिमेंटा. आता तुम्हीच सांगा, या ७ मधला नेमका कोणता ७ माझ्या हातात आहे?

म्हणून पाठ बघायची.

राजाच्या काळातलं बटण म्हणजे ठसा मारलेला पातळ पत्रा, हाडाच्या नाहीतर लाकडाच्या चकतीवर चढवून कडेने दुमडलेला. चकतीला चार भोकं, त्यांतून तात म्हणजे आतड्याची दोरी ओवलेली, आणि ती तात कोटाला शिवलेली. आपल्याकडे त्या काळी बाराबंदीला बंद होते. हाड टिकतं, लाकूड कुजतं. त्यामुळे बऱ्याचदा हातात येतो तो चेपलेला पत्रा, आणि नवखा माणूस तो भंगार समजून बाजूला टाकतो. असं करू नका. कडेची दुमड शाबूत असेल तर ते बटण अजून बोलतं.

क्रांतीच्या वर्षांत ही तऱ्हा आणि एकसंध पितळेची तऱ्हा, दोन्ही दिसतात. नेपोलियनच्या साध्या शिपायाचं बटण मात्र बहुधा एकसंध पितळेचं, मागे एक कडी. आणि पाठीला दोन पत्रे एकमेकांत घट्ट बसवलेले असतील, आत पोकळ असेल, वर पॅरिसच्या कारखान्याचं नाव असेल, तर तुम्ही एकोणिसाव्या शतकात बरेच पुढे आलात. 'टी. डब्ल्यू. अँड डब्ल्यू.' ही अक्षरं पुष्कळ दिसतील: त्रेलाँ, वेल्डन आणि वाइल. ती दिसली की नेपोलियन पहिला विसरा.

दर्शनी बाजू सोपी आहे. एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या तोफा म्हणजे तोफखाना, नांगर म्हणजे आरमार, चिलखत आणि शिरस्त्राण म्हणजे इंजिनियर. शिकारी शिंग असेल तर हलकं पायदळ. या शिंगापाशी मी नेहमी थांबतो, कारण आपल्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या चिन्हातही बिगुल आहे. हलक्या पायदळाची ही खूण युरोपातल्या पलटणींमधून आपल्यापर्यंत आली.

आता एक कळकळीची विनंती. बटण घासू नका. माझ्या पहिल्या बटणाला मी घरच्या तांब्या-पितळेसारखी चिंच लावली. कळंक गेला, आणि त्याबरोबर आकड्याच्या कडाही बोथट झाल्या. लखलखीत झालेलं ते बटण मला आजही बघवत नाही. कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि लगेच कोरडं करायचं. बस.

कडांवरून आठवलं, नकला पुष्कळ आहेत. जुन्या लढायांचे प्रयोग करणाऱ्या मंडळींसाठी नवी बटणं बनतात, त्यात गैर काही नाही. पण तीच जुनी म्हणून विकली जातात. अस्सल बटणावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत ठशाची धार उतरत नाही. भिंगातून आकड्याचे कोपरे बघा.

आणि ती गोष्ट, रशियाच्या थंडीत कथलाची बटणं भुकटी झाली आणि नेपोलियनची फौज गारठली? शुद्ध कथील थंडीत खरंच करड्या भुकटीत बदलतं, १३ अंशांखाली ही क्रिया सुरू होऊ शकते. पण ती फार संथ असते, आणि कथलात थोडं शिसं मिसळलेलं असलं तर आणखी रोखली जाते. शिवाय रांगेतल्या पायदळाची बटणं पितळेची होती. कथलाच्या भुकटीवर त्या पराभवाचं खापर फोडता येत नाही.

१८१२ च्या त्या माघारीतले हजारो सैनिक लिथुआनियात, विल्नियसमध्ये एका सामूहिक थडग्यात सापडले, २००१ मध्ये. सोबत नावं नव्हती. कोण कुठल्या पलटणीचा, हे सांगायला गणवेशाची बटणं होती. आकडा उपयोगी पडला, कारण बटण ज्या हाडांजवळ होतं तिथेच सापडलं होतं.

फ्रान्समध्ये इतिहासाच्या वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर फिरवायचा तर सरकारी परवानगी लागते, १९८९ च्या कायद्याने. कुणी मातीतून निघालेलं बटण पुढे केलं तर मी विचारतो: कुठून निघालं, कुणी काढलं, परवानगी होती का? उत्तर नसेल तर कितीही दुर्मीळ आकडा असो, मी ते परत देतो.