समोरच्या टीमचं काय झालं?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते नाव होण्याबद्दल, म्हणजे फेमस होणं, व्हायरल होणं, तुम्ही जे काय म्हणत असाल ते. ठाण्यात राहून हा विषय काढायचा तर लांब कुठे जायची गरजच नाही, नाक्यावर जाऊन वर बघितलं की झालं, बॅनर लागलेलाच असतो. मधे दादांचा मोठा फोटो, पांढरा शर्ट, गॉगल, कानाला मोबाईल (आता फोटो काढतानाच नेमका कोणाचा फोन येतो हे मला आजपर्यंत कळलेलं नाही), वर वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा आणि खाली शुभेच्छुक म्हणून पासपोर्ट साईझ तोंडांची रांग. ती रांग मला फार आवडते खरं सांगायचं तर. त्यातला एखादा पोरगा रात्री येऊन त्या बॅनरखाली उभा राहतो, आपल्या एवढ्याशा फोटोसोबत सेल्फी घेतो आणि स्टेटसला टाकतो. बेकायदा बॅनरवर हायकोर्टाने २०१७ साली निकाल दिला, त्यानंतरही झापलं, बॅनर आपले जागच्या जागी.

चार लोकांनी आपल्याला ओळखावं असं वाटणं, यात मला तरी काही वाईट दिसत नाही. माणूस आहे, वाटणारच. आणि ठाण्याला तर नाव करायची हौस जरा जास्तच, आपल्या हंड्या बघा ना. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने इथेच ठाण्यात नऊ थर लावले, ४३.७९ फूट, गिनीज बुकात नोंद झाली. त्या दिवशीचा वरच्या पोराचा फोटो सगळीकडे फिरला. पण तळाच्या थरातल्या एकाचं तरी नाव कोणी सांगेल का मला? जे खांदे सोलवटून घेऊन उभे असतात, ज्यांना वर काय चाललंय ते दिसतसुद्धा नाही, मान खाली, समोर फक्त दुसऱ्याची पाठ. त्यांना विचारलं तर म्हणतील आमच्या पथकाचं नाव झालं. म्हणजे नाव सगळ्यांचं मिळून एक, आणि पडलं पोरगं तर झेलायला तेच हात खाली. पडतात, लागतं, कधी कधी जीवही जातो, ते मी लपवत नाही, १४ वर्षांखालच्या पोरांना वर चढवायचं नाही हे २०१७ मध्ये ठरलं ते उगाच नाही ठरलं. पण निदान खाली माणसं असतात.

मोबाईलवरच्या नावाचं तसं नाही ना, तिथे वर चढवणारे लाखभर आणि खाली कोणीच नाही. शिवडी स्टेशनवरचा तो पोरगा आठवतोय? हार्बर लाईन, आपली नवी मुंबईची मंडळी रोज जातात तीच. चालत्या लोकलच्या दाराला लटकून प्लॅटफॉर्मवर पाय घासत चाललेला, मार्च २०२४ चा व्हिडीओ. तो व्हिडीओ जुलैमध्ये व्हायरल झाला, लोकांनी पोटभर शिव्या घातल्या, याला पकडा, याला आत टाका, मग रेल्वे पोलीस शोधत शोधत त्याच्या घरी गेले तर काय, पोराचा एक हात आणि एक पाय गेलेला. एप्रिलमध्येच, मस्जिद स्टेशनला, असाच दुसरा स्टंट करताना. म्हणजे तो घरी पडलेला आणि त्याचा दोन पायांवरचा व्हिडीओ आपल्या ग्रुपवर फिरतोय, आपण पुढे ढकलतोय, आणि बघितल्याचे आकडे वाढतायत. ते आकडे वाढवणारे आपण सगळेच होतो, शिव्या घालणारे पण, कारण मोबाईलला शिवी आणि शाबासकीतला फरक कळत नाही, त्याला एवढंच कळतं की लोक थांबून बघतायत, मग तो अजून चार जणांना दाखवतो.

आता मला ज्याच्यासाठी आज बोलायचं होतं तिकडे येते. कल्याणचा प्रणव धनावडे. जानेवारी २०१६, शाळांची मॅच, भंडारी कप, के. सी. गांधी शाळेचा हा १५ वर्षांचा पोरगा, वडील रिक्षा चालवणारे. पहिल्या दिवसअखेर ६५२ नॉट आऊट आणि दुसऱ्या दिवशी १००९ नॉट आऊट, १२९ चौकार, ५९ षटकार. क्रिकेटमध्ये एका इनिंगमध्ये हजार तोवर कोणी केले नव्हते. आधीचा रेकॉर्ड ६२८ चा, १८९९ मध्ये इंग्लंडातल्या कॉलिन्स नावाच्या १३ वर्षांच्या शाळकरी पोराने केलेला, तो पोरगा पुढे सैन्यात गेला आणि १९१४ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. इतकी वर्षं टिकलेला रेकॉर्ड कल्याणात मोडला. मग काय, चॅनलवाले, सत्कार, शाली, सचिनने सही केलेली बॅट पाठवली, मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिन्याला १०,००० रुपये पाच वर्षं द्यायचे ठरवले. सगळं छानच होतं, आनंद व्हायलाच पाहिजे होता.

पण पुढच्या मॅचला तो बॅटिंगला येतो तेव्हा तो बाकीच्यांसारखा नववी-दहावीतला पोरगा राहिलेलाच नसतो, तो हजारवाला असतो. तीस केले तर लोक म्हणणार तीसच? अहो तीस रन्स चांगले असतात त्या वयात. आपण पोरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतो आणि मग झाड का हलतंय म्हणून त्यांनाच विचारतो. त्याचा फॉर्म गेला, आणि २०१७ मध्ये घरच्यांनी असोसिएशनला कळवलं की मुलगा आत्ता खेळत नाहीये तसा, तर ही स्कॉलरशिप बंद करा. महिन्याचे १०,००० रुपये, रिक्षावाल्याच्या घरात. मला विचाराल तर १००९ पेक्षा ती चिठ्ठी मोठी, रन्स काय, त्या दिवशी सगळं जुळून आलं, पण मिळतंय ते नको म्हणायला वेगळंच काहीतरी लागतं. हजार रन्सची बातमी सगळ्यांना पाठ, ही बातमी किती जणांनी वाचली असेल देव जाणे.

हल्ली तर मैदानावर जायची पण गरज नाही, घरातल्या हॉलमध्ये रिंग लाईट लावला की पोरगं तयार. तलावपाळीला संध्याकाळी जा, पाम बीच रोडला फ्लेमिंगोच्या वेळेला जा, कोणी ना कोणी आई आपल्या पोरीला म्हणत असते, परत कर, हसून कर. पोरगी कंटाळलेली, पाय दुखतायत, पण कर. इथे घोडबंदर रोडला सिरियलची शूटिंगं चालतात, तिथे काम करणाऱ्या लहान मुलांसाठी २०१७ चे नियम तरी आहेत, दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांच्या वर नाही आणि कमाईतले निदान २० टक्के मुलाच्या नावावर बँकेत. घरच्या हॉलमध्ये कोण बघतंय? आईच डायरेक्टर, बाबा कॅमेरामन. आणि यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे चालू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास बघितलं गेलेलं (नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज) लागतं, म्हणजे बहुतेकांच्या हाती पैसा नाहीच, हाती येतं ते पोरीचं रोज सकाळी उठून आधी लाईक मोजणं. आईबापांचं पोरांवर प्रेम नाही असं मी अजिबात म्हणत नाही, उलट प्रेमापोटीच चाललेलं असतं सगळं, म्हणून तर त्यांना कोणी थांबवत नाही. मी त्या आयांना एकच विचारते, उद्या पोरगी म्हणाली ते सगळे व्हिडीओ काढून टाक, तर काढता येतील का तुम्हाला, आणि ज्यांनी ते आधीच डाऊनलोड करून ठेवलेत त्यांचं काय?

बरं, त्या कल्याणच्या मॅचमधलं एक राहिलंच, जे कोणी फारसं बोलत नाही. समोरच्या आर्य गुरुकुलच्या मुलांचे रन्स होते पहिल्या इनिंगला ३१ आणि दुसऱ्या इनिंगला ५२. गांधी शाळेने तीन बाद १४६५ वर डाव सोडला होता, एक डाव आणि १३८२ रन्सने हरली ती मुलं. दोन दिवस उन्हात बॉल आणून आणून टाकला त्यांनी, चॅनलवाल्यांच्या कॅमेऱ्यांसमोर. त्यांनी बॉल टाकला नसता तर हजार झाले असते का? आता ती मुलं विशी-पंचविशीत असतील, नोकरीला ठाण्यात नाहीतर ऐरोलीला येत असतील, आणि त्यातला कोणी आत्ता ऐकत असेल तर बाबा रे, आम्हाला लिही. ९०० झाल्यावर पुढची ओव्हर तुलाच टाक म्हटलं तेव्हा काय वाटलं, घरी गेल्यावर जेवलास का, दुसऱ्या दिवशी शाळेत कोणी काय बोललं, सगळं लिही. आणि रेडिओवर नाव नको असेल तर तसं सांग, नाही घेणार.